पुढच्याचं चाक

बसा असे, दिव्याच्या बाजूला. पंखा राहू द्या सुरू, उकडतंय. मी आधी चष्मा पुसून घेतो. चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य गेलं की ही खोड लागतेच. समोरच्याची काच मळकी दिसली तरी माझे हात शिवशिवतात, मग स्वतःची कशी सोडीन?

तर ही गोष्ट सुरू होते साबणापासून. एका दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन मी कोपऱ्यावर साबण आणायला निघालो होतो. चिखलाचे डाग काढणारा तो पिवळा, कडक साबण. आमच्या घरात सायकलचे कपडे धुण्याचं खातं माझ्याकडे. बायकोनं चाळिशी उलटल्यावर शर्यतीची सायकल घेतली, तेव्हापासून. शेजारचे शिंपीकाका म्हणायचे, "वहिनी सायकल दामटतात आणि हे कपडे आपटतात!" मला त्याचा राग कधी आला नाही. उलट दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला मीच ते ऐकवायचो, त्याच्या डोळ्यांसमोर काचा बदलता बदलता.

अभिमान होता मला. अजूनही आहे. ही शाळेत गणित शिकवायची. सायकल घरात आली त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण येऊन म्हणाली, "हे काय थेर या वयात? गुडघे बोलायला लागतील." ही म्हणाली, "बोलू देत ना, ताई. घरात तुमचा भाऊ कुठे फारसं बोलतो?" पहिल्या वर्षी अर्ध्या घाटात उतरून सायकल ढकलत वर गेली. दुसऱ्या वर्षी पाय न टेकता माथा गाठला आणि घरी येऊन, बूटही न काढता, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून नुसती हसत राहिली. तिसऱ्या वर्षापासून मुलीला सोबत न्यायला लागली.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी बसणं तिला लहानपणापासून माहीत नाही.

सायकलवाल्यांची एक रीत आहे, ती तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. लांबच्या पल्ल्यावर सगळ्यात जास्त दमवतो तो वारा. म्हणून एक जण पुढे राहून वारा अंगावर घेतो आणि दुसरा त्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक जवळजवळ टेकवून जातो. मागच्याला वारा लागत नाही, जणू भिंतीच्या आडोशानं चालला आहे. याला ते 'चाक धरणं' म्हणतात. मागच्यानं रस्त्याकडे बघायचं नसतं. नजर पुढच्याच्या चाकावर. खड्डा आला की पुढचा हात खाली नेऊन दाखवतो, आणि दमला की कोपर बाहेर झटकतो. म्हणजे, आता तू पुढे ये. मग मागचा पुढे, पुढचा मागे. ही मुलीला सांगायची, "वारा वाटून घ्यायचा, भिंगरे. जो कोपर हलवत नाही तो एकतर फुशारकी मारतोय, नाहीतर तुला आपल्या चालीनं ओढून नेतोय. दोन्ही वाईट."

या रीतीचा माझ्या धुण्याशी संबंध असा, की शर्यतीच्या सायकलला मडगार्ड नसतं. ओल्या रस्त्यावर माणूस एकटा गेला, तर त्याच्याच मागच्या चाकाचा चिखल त्याच्या पाठीवर उडतो. कण्यावरून सरळ काळा पट्टा. आणि दुसऱ्याचं चाक धरून गेला, तर पुढच्याचा चिखल याच्या तोंडावर, छातीवर. दोघी पावसातून परत आल्या की कोण किती वेळ पुढे होतं हे मी सदऱ्यांवरून सांगायचो. त्या बादलीशी उभ्या राहून हसायच्या. "बघा, बघा, आईचं तोंड चिखलानं माखलंय! आज सगळा वारा मीच खाल्ला," असं भिंगरी म्हणायची.

मग ही गेली.

शहराच्या वरचा जो घाट आहे, त्याच्या पलीकडच्या उतारावर एक वळण आहे. त्याला सगळे आकडा म्हणतात, कारण रस्ता तिथे मासे धरायच्या गळासारखा मागे वळतो. चार दिवसांच्या मोठ्या शर्यतीत हिनं नाव घातलं होतं. त्याच्याच तयारीसाठी ती धुक्याच्या एका सकाळी निघाली आणि आकड्यावर वळलीच नाही. कठड्यावरून सरळ गेली. ब्रेक ठीक होते, टायर ठीक होते. रस्त्यावर ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा नव्हती. घाटातला हरएक दगड ओळखणारी बाई सरळ कशी गेली, हे कोणालाच सांगता आलं नाही.

वर्ष होत आलं आणि भिंगरी म्हणाली, "बाबा, मी नाव घालते आहे. आईच्या शर्यतीत." मी फक्त विचारलं, "टायर नवे घ्यायचे का?" आमच्या घरात मोठ्या गोष्टी अशाच बोलल्या जातात.

ती पहाटे निघायची आणि परतताना कॉलेजला जाण्याआधी दुकानात येऊन चष्मा टाकून जायची. डोळ्यांत वारा जाऊ नये म्हणून घालतात तो, कानापर्यंत वळणारा. मी तो धुऊन ठेवायचो. कपडे घरी, चष्मा दुकानात. पावसाळी दिवस होते, दोन्ही भरपूर मळायचे. म्हणूनच साबण संपला होता.

साबण घेऊन घरी आलो, तिचा सदरा बादलीत टाकला आणि चोळायला पाठ उलगडली. पाठीवर पट्टा होताच. पण पुढची बाजू उलटवली, तर छातीवर गळ्यापर्यंत बारीक काळे शिंतोडे. गच्च. मी तसाच उकिडवा बसून राहिलो.

संध्याकाळी ती आली तेव्हा सहज विचारलं, "आज सकाळी कोण होतं बरोबर?"

"कोणी नाही. बरोबरची मुलं उशिरा उठतात हो. त्यांच्यासाठी थांबले तर माझं कॉलेज बुडेल."

"एकटीच?"

"एकटीच," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

एखादी मोटार पुढून गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला पुष्कळ काही सांगतो. पण पुढच्या ओल्या सकाळी पुन्हा तेच. आणि त्यानंतरही. मोटारीच्या चाकाचा चिखल ढेकळासारखा एका अंगाला बसतो. हा मधोमध होता. तिच्या समोर, अगदी जवळून, एक अरुंद चाक चाललं असावं तसा.

मग एका संध्याकाळी मी दुकानात भिंगरीचा चष्मा न धुता मोठ्या भिंगाखाली धरला. बाहेर दिवे लागायची वेळ होती, दुकानात काचेच्या कपाटांवर तो राखाडी उजेड पडला होता. भिंगाखाली ठिपके स्वच्छ दिसत होते. खाली दाट, वर विरळ, प्रत्येकाला वरच्या बाजूला बारीक शेपूट. खालून वर उडालेला चिखल. दोन्ही काचांवर सारखा.

हे मी आधी पाहिलं होतं.

कुठे, ते आठवायला वेळ लागला नाही. आठवलं ते नाकारायलाच वेळ लागला. गल्ल्याखालच्या खणात, अगदी मागे, एक डबी आहे. इस्पितळातून हिच्या वस्तू दिल्या त्यात हिचा सायकलचा चष्मा होता. मी तो डबीत घातला तो तसाच. आयुष्यभर लोकांचे चष्मे पुसले, पण तो एक पुसायला हात धजावला नाही. डबी काढली. झाकण चिकटलं होतं, ते उघडताना ओल्या मातीचा वास आला. वर्षाची डबी, आणि वास आत्ताच्या पावसाचा.

एक काच फुटली होती. दुसरी शाबूत होती. मी ती भिंगाखाली धरली.

खाली दाट, वर विरळ. प्रत्येक ठिपक्याला बारीक शेपूट.

आणि तेव्हा मला हिचा चेहरा आठवला, इस्पितळात ओल्या फडक्यानं मीच पुसलेला. डोळ्यांभोवती चष्म्याच्या आकाराची स्वच्छ जागा होती, आणि गालांवर, हनुवटीवर, ओठांवर बारीक, वाळलेले ठिपके. पडताना लागलेली माती असेल, असं तेव्हा वाटलं होतं. पण पडताना लागलेली माती अशी मोजूनमापून बसत नाही. त्या सकाळी ही एकटी गेली होती. भिंगरीला ताप होता, मी तिच्या कपाळावर घड्या ठेवत होतो. हिच्या पुढे कोणी नव्हतं. कोणीच नव्हतं.

थांबा हं, जरा चष्मा पुसतो… हं.

घरी गेलो तर भिंगरी जमिनीवर फतकल मारून सायकलच्या चेनला तेल देत बसली होती. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"भिंगरे, सकाळी तुझ्या पुढे कोण असतं?"

तिचा हात थांबला. तेलाचा थेंब जमिनीवर पडला, तो तिनं बोटानं पुसला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कपडे मी धुतो."

ती जराशी हसली, आणि दूधवाला येऊन गेला हे सांगावं तितक्या सहज म्हणाली, "आई असते."

"दिसते?"

"नाही. माथ्यावरून पलीकडे उतरायला लागलं की वारा लागायचा बंद होतो. एकदम. झाडं हलत असतात, पण माझ्यापर्यंत येत नाही. पायडल मारायचं थांबवलं की माझ्या चाकाची टिकटिक येते ना, तशी दुसरी येते. पुढून. आणि रस्ता ओला असला की पाणी उडतं. चाक दिसत नाही, बाबा. पण पाणी दिसतं, पंख्यासारखं. मी त्या पाण्यावर नजर ठेवते. किती छान जाते हो सायकल तेव्हा. पाय दुखतच नाहीत."

"कुठपर्यंत असते?"

"आकड्याच्या आधी मी रोज थांबते आणि परत फिरते. तिथून खाली अजून उतरले नाही." तिनं चेनकडे पाहिलं. "शर्यतीत उतरावं लागेल."

मी डबी तिच्यासमोर ठेवली. तिनं आईचा चष्मा ओळखला, आणि तेलाचे हात सदऱ्याला पुसून मगच तो उचलला.

"मी पुसलेला नाही," मी म्हणालो. "त्या दिवशीचा आहे, तसाच. काच बघ. आणि मग तुझी बघ."

ती कितीतरी वेळ दोन्ही काचा दिव्यासमोर धरून बसली. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किक मारल्याचा आवाज येत होता.

"आई त्या दिवशी एकटी होती," ती म्हणाली.

"हो."

"मग आई… कोणाच्या…"

तिनं वाक्य पुरं केलं नाही. मीही केलं नाही. स्कूटर एकदाची सुरू झाली आणि गेली.

ती हलक्या आवाजात म्हणाली, "मला थोडं वाटायचंच, बाबा. आई असती तर तिनं कोपर हलवलं असतं. ती मला कधी नुसतं मागे बसू द्यायची नाही. हे… हे कधी म्हणतच नाही, की तू पुढे ये."

"नको जाऊस," मी म्हणालो. "बाकी काही म्हणत नाही मी. पण हे नको."

"मी नाही गेले, तर त्याच्या मागे दुसरं कोणीतरी जाईल ना."

"जाऊ दे कोणीही."

"बाबा." तिनं डबी बंद केली आणि माझ्या हातात दिली. "आईला कळलं नव्हतं, म्हणून ती चाक धरून गेली. मला कळलंय. मी जाणार. पण मागे बसून नाही."

माझं भिंगांचं ज्ञान, माझं वय, माझी भीती, यातलं काहीच तिच्या त्या वाक्यापुढे टिकलं नाही. हिचीच हनुवटी होती ती. मी उठून तिला चेन पुसायला फडकं आणून दिलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ताई आली. दारात रांगेनं ठेवलेली चाकं बघून तिचा तोल गेला. "एक गेली तेवढं पुरलं नाही का तुला? पोरीला अडवता येत नाही?"

"ताई, ती मला विचारून जात नाही. मीच तिला विचारून तिच्यामागून जाणाऱ्या जीपमध्ये बसतो आहे."

"बायकोपुढे मान डोलावली, आता मुलीपुढे."

"हो," मी म्हणालो. "मान डोलवावी अशाच आहेत दोघी."

ताईनं डोळ्यांना पदर लावला, आणि जाताना भिंगरीच्या खिशात खडीसाखर कोंबली. "घाटात तोंडात ठेव. आणि हळू जा गं, भवाने."

शर्यतीत प्रत्येकाच्या मदतीला मागून एक गाडी असते. आमची जीप चालवायला आणि सायकलची देखभाल करायला मिस्त्री होते, ज्यांच्या दुकानातून हिनं पहिली सायकल घेतली होती ते. तोंडानं सतत बडबड आणि हातानं काम. पहिले तीन दिवस ऊन होतं. रस्ते कोरडे, मुलगी घोळक्यात राहून इतरांबरोबर वारा वाटून घेत होती. संध्याकाळी तिचा सदरा हातात घेतला की त्यावर फक्त घामाचं मीठ असायचं. मी मनातल्या मनात देवाचे आणि हवामानाचे आभार मानत होतो.

चौथ्या दिवशी, शेवटच्या टप्प्याला, पहाटेपासून भुरभुर लागली. घाट त्याच दिवशी होता.

चढावर तिनं एकेकीला मागे टाकलं. उठत नव्हती, झटके देत नव्हती. नुसती बसल्या जागी पाय फिरवत वर चालली होती, अगदी हिच्यासारखी. मिस्त्री स्टिअरिंगवर थापा मारत होते. "साहेब, ही घाट चढत नाही हो, गुंडाळते आहे! चटईसारखा गुंडाळून काखेत मारणार बघा!" मी हसलो. माथ्यावर ती सगळ्यांच्या पुढे एकटी होती. रस्ता मोकळा करणारी मोटारसायकल केव्हाच उतरून लांब गेली होती. भिंगरीच्या मागे फक्त आमची जीप. आम्ही काचा वर घेतल्या आणि उताराला लागलो.

पलीकडे धुकं होतं. पांढरं नव्हे, मळक्या कापसासारखं. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला कठडा आणि त्यापलीकडे काही नाही. जीपमध्ये ओल्या मातीचा वास भरला. काचा बंद होत्या.

"साहेब…" मिस्त्रींचा आवाज बदलला होता. "तिच्या पुढे कोण आहे?"

मी पुढे वाकलो. भिंगरीच्या पुढच्या चाकाच्या जरासं पुढे रस्त्यावरून पाणी उडत होतं. बारीक, पंख्यासारखं, वर येऊन तिच्या तोंडावर पडणारं. ज्यातून उडावं ते चाक नव्हतं. फक्त पाणी होतं, आणि ते तिच्याइतक्याच वेगानं चाललं होतं. जराही मागेपुढे न होता.

"कोणी नाही," मी म्हणालो. "तुम्ही रस्त्याकडे बघा."

तिची मान खाली गेली होती. नजर त्या पाण्यावर. मला तिची पाठ दिसत होती, आणि ती पाठ सैल पडत चालली होती, झोप लागणाऱ्या माणसासारखी. पाय दुखतच नाहीत, असं ती म्हणाली होती. आकड्याच्या आधीचा सरळ पट्टा सुरू झाला. मी काचेवर हात आपटला, हाक मारली. बंद गाडीतली हाक, कुठे पोचणार? हॉर्नकडे हात नेला, तर मिस्त्रींचे ताठ हात आड आले, ते हलत नव्हते, माझा हात वाटेत येतोय हेही त्यांना दिसत नव्हतं. ते समोर बघत होते. त्या पाण्याकडे.

आणि मग भिंगरी उभी राहिली.

सीटवरून उठली, सायकल डावीकडे काढली, आणि आडोसा सोडून वाऱ्यात शिरली. वारा तिच्यावर कसा आदळला ते मला मागूनही कळलं. सदरा पाठीवर फुगला, डोकं मागे फेकलं गेलं. उतारावर कोणी मारत नाही तशी पायडलं तिनं मारली. त्या पाण्याच्या बरोबरीला आली. पाणीही सरसावलं, खरंच सांगतो, तेही जोरात गेलं. काही क्षण दोन्ही बाजूबाजूनं होती, माझी मुलगी आणि ते. मग ती पुढे निघाली. पुढे गेल्यावर तिनं ब्रेक दाबले, गुडघा बाहेर काढला आणि आकड्यात झुकून वळली. देखणी वळली हो. हिनं बघायला हवं होतं.

पाणी वळलं नाही. ते सरळ कठड्याकडे गेलं.

आणि आमची जीपही.

"मिस्त्री!" मी स्टिअरिंगला हात घालून ओढलं. ब्रेक किंचाळले. जीप कठड्याला घासून तिरकी थांबली. मिस्त्रींच्या कपाळावर घाम होता.

"मी वळवत होतो हो, साहेब," ते पुटपुटले. "हात वळवत होते… मला वाटलं, पुढचा जातोय तिकडेच रस्ता आहे…" त्यानंतर त्या दिवसभरात ते एक शब्द बोलले नाहीत.

खालच्या वळणावर धुकं जरा फाटलं आणि भिंगरी दिसली. तिनं हात खाली नेऊन रस्त्यातला खड्डा दाखवला, मागच्यासाठी दाखवतात तसा. मागे कोणी नव्हतं, वर अडकलेले आम्हीच होतो. तिचा हात मात्र सवयीनं खाली गेला. हिनं लावलेली सवय.

शेवटच्या रेषेवर आम्ही पोचलो तेव्हा ती केव्हाच आली होती. टप्पा तिनं जिंकला होता, आणि चारही दिवसांचा वेळ मिळून मुलींमध्ये दुसरी. ते कौतुक मला नंतर कळलं. आधी मी तिला खांद्यांना धरून उलटी फिरवली. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत सरळ, जाड, काळा पट्टा. पुन्हा समोर फिरवली. तोंडावरचे ठिपके घामानं आणि पावसानं धुऊन निघाले होते. तोंड स्वच्छ.

"सगळा वारा मीच खाल्ला," ती धापा टाकत म्हणाली, आणि मग लहान मुलीसारखी रडली. मीही रडलो असेन. तिथे सगळेच ओले होते, कोणाला कळणार?

डोळे पुसून तिनं हसत माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

"बाबा, गाडीच्या काचा उघड्या होत्या का?"

"नाही. का?"

"तुमच्या चष्म्यावर…"

"धूळ असेल," मी म्हणालो आणि पुसून टाकला. परतताना मिस्त्रींना लांबच्या, सपाटीच्या रस्त्यानं घ्यायला लावलं.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. भिंगरीला मोठ्या संघानं बोलावलं, ती दुसऱ्या शहरात राहते. पावसात सायकल चालवून आली की मला फोन करते. बाकी बोलण्याआधी एकच वाक्य, "बाबा, तोंड स्वच्छ, पाठ काळी!" मग मला झोप लागते. शिंपीकाकांना मी सांगतो, बघा, आमची पोरगी कोणाच्या मागे नसते. घाटावरून धुक्यात जाणाऱ्या इतर सायकलवाल्यांनाही तसं काही दिसल्याचं अजून कानावर आलेलं नाही. ते तिथून गेलं आहे.

तुम्ही आल्यापासून मी चष्मा कितीदा पुसला, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती धंद्याची खोड नाही, तसं उगाच म्हणालो. हे फडकं बघा. धरा दिव्याजवळ. सुरुवातीला घडी घातलेलं, धुतलेलं काढलं होतं. माती ओली आहे अजून. बाहेर कित्येक दिवसांत थेंब पडलेला नाही.

भिंगरीला सांगू नका. तिच्या पुढे नाही ना, मग मला चालेल. माझं वय झालं, आणि मला सायकल येतही नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला ते नेऊन नेऊन कुठे नेणार?

फक्त एक बघा. पंखा जोरात आहे ना? तुमचे केस उडताहेत, टांगलेला दिवा झुलतो आहे, तो पडदासुद्धा फडफडतो आहे. माझ्यापर्यंत वारा येत नाही.